पॉलिशच्या आधीचे काम : दुकानाचे आणि घराचे लाकूड टिकवायचे कसे?

दुकानाचे नवे फर्निचर करून घेताना आपले व्यापारी बांधव सर्वात जास्त वेळ पॉलिशच्या रंगावर घालवतात. अक्रोड हवा की रोझवूड, चमक हवी की मंद, यावर चार-चार दिवस चर्चा होते. लाकूड किती वाळलेले आहे, फळीच्या मागच्या बाजूला काय लावले, चौकटीचा पाय कशावर टेकला आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. पाच-सहा वर्षांनी काउंटरचा तळ हाताने चुरा होतो तेव्हा मिस्त्रीला दोष दिला जातो, किंवा "हल्ली लाकूडच तसे मिळत नाही" असे म्हणून विषय संपवला जातो. हकीकत अशी आहे की लाकडाचे आयुष्य पॉलिश ठरवत नाही. पॉलिश हा अंगावर शेवटी चढवलेला कपडा आहे. आयुष्य त्याच्या आधीच्या कामात ठरते, आणि त्या कामाला पॉलिशपेक्षा पैसाही कमी लागतो.

कापडाच्या व्यापाऱ्याने लाकडावर काय लिहावे, असे काहींना वाटेल. पण कापूस आणि लाकूड ही एकाच आईची लेकरे आहेत. कापसाच्या धाग्यात ९० टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असते. लाकडात ते साधारण ४० ते ५० टक्के असते आणि त्याला घट्ट बांधून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य असते. त्यामुळे जो ओलावा कापसाला लागतो तो लाकडालाही लागतो, दोघांवरही बुरशी येते, आणि वाळवीला तर दोघांत फरकच कळत नाही. गोदामातील रॅक पोखरणारी वाळवी रॅकवर थांबत नाही. ती वर ठेवलेल्या पॉपलीनच्या ताक्यात शिरते. बाहेरची घडी शाबूत दिसते आणि आतल्या घड्यांची चाळणी झालेली असते. रॅकची किंमत आणि रॅकवरच्या मालाची किंमत यांची तुलना करून पाहावी, म्हणजे हा विषय व्यापाराच्या पानावर का घेतला हे लक्षात येईल.

ओलाव्याचा हिशेब

सुताचा व्यवहार करणाऱ्यांना माहीत आहे की सूत हवेतला ओलावा पिते. कोरड्या सुताच्या वजनावर साडेआठ टक्के ओलावा व्यवहारात धरला जातो, त्यालाच गिरणीवाले रिगेन म्हणतात. लाकडाचेही असेच आहे. ताज्या तोडलेल्या झाडात पाणी दोन ठिकाणी असते. एक, पोकळ नळ्यांतले मोकळे पाणी. दुसरे, तंतूंच्या भिंतीत मुरलेले पाणी. मोकळे पाणी निघून जाईपर्यंत लाकडाचे माप बदलत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतीतले पाणी सुटू लागते आणि तेथून लाकूड आक्रसू लागते.

हे आक्रसणे कुठे थांबते, ते हवेवर अवलंबून आहे. हवेचा दमटपणा ३० टक्के असेल तर लाकूड ६ टक्क्यांच्या आसपास येऊन स्थिरावते. दमटपणा ८५-९० टक्के असेल तर ते १८ ते २० टक्क्यांपर्यंत जाते. मालेगावचा एप्रिल आणि रत्नागिरीचा जुलै डोळ्यांसमोर आणा. एकच दार या दोन ठिकाणी दोन वेगळ्या मापांचे असेल. म्हणूनच भारतीय मानक २८७ मध्ये देशाचे हवामानाप्रमाणे चार विभाग पाडून कोठे किती ओलाव्याचे लाकूड वापरावे हे ठरवून दिले आहे. देशावरच्या वखारीतले लाकूड कोकणात नेले तर ते फुगणार, आणि कोकणातले वर आणले तर ते फाटणार. यात नशिबाचा काही भाग नाही.

किती फुगते? सागाचे उदाहरण घेऊ, कारण साग हे कमी हलणारे लाकूड मानले जाते. ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत साग वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आक्रसतो, आणि गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे अडीच टक्केच. आता १२ इंच रुंदीची फळी, ओंडक्याच्या बाजूने सपाट चिरलेली, १० टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेली तर ती जवळजवळ दीड सूत रुंद होते. तीच फळी ओंडक्याच्या मध्यातून उभी चिरलेली असेल तर वाढ निम्म्याहून कमी. दीड सूत म्हणजे दार चौकटीत अडकायला पुरेसे आहे. मग ऑगस्ट महिन्यात मिस्त्रीला बोलावून दाराला रंधा मारला जातो, आणि मार्चमध्ये त्याच दाराच्या फटीतून रस्त्यावरची धूळ आत येते. पावसाळ्यात फुगलेल्या दाराला रंधा लावू नये. दार अडकत असेल तर थोडे साबण किंवा मेण घासून दिवस काढावेत, आणि हवा कोरडी झाल्यावर वरची, खालची व बिजागरीकडची उघडी कड बंद करून घ्यावी. बहुतेक दारांच्या खालच्या कडेला कोणी ब्रश लावलेलाच नसतो. दार पाणी पिते ते तेथूनच.

ओलाव्याच्या हिशेबात एक आकडा सर्वांनी पाठ करावा. तो आहे २०. लाकडाचा ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. बुरशीला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. म्हणूनच कुंपणाचा खांब जमिनीच्या आत खोल किंवा वर टोकाला कुजत नाही, नेमका जमिनीलगत कुजतो, कारण तेथे दोन्ही मिळतात. उत्तरेत विहिरीच्या तळाला जांभळाच्या लाकडाचे कडे घालण्याची रीत आहे, त्याला जमवट म्हणतात. ते कायम पाण्यात असते, हवा पोहोचत नाही, म्हणून टिकते. आपल्या घराच्या न्हाणीची चौकट मात्र दिवसातून चार वेळा भिजते आणि चार वेळा अर्धवट वाळते. लाकडाला याच्याइतकी वाईट जागा नाही.

विकत घेताना ओलावा कसा ओळखावा? ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र मिळते, दोन टोके लाकडात टोचली की आकडा येतो. यंत्र नसेल तर दुकानातला वजनकाटा आहेच. फळीच्या टोकापासून फूटभर आत एक पातळ तुकडा कापावा, लगेच वजन करावे, मग भट्टीत शंभरच्या किंचित वर तापमानाला वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवावा. तुकडा आधी ११५ ग्रॅम आणि नंतर १०० ग्रॅम भरला तर ओलावा १५ टक्के. अगदी टोकाचा तुकडा घेऊ नये, कारण टोक लवकर वाळते आणि खोटी साक्ष देते. माल मोठा असेल तर वखारवाल्यासमोर हे करायला संकोच कसला? सुताची पेटी घेताना आपण करतोच की.

गाभा आणि पांढरी कड

"साग आहे" एवढ्यावर समाधान मानण्याची आपल्याकडे सवय आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने लाकडांचे टिकाऊपण पाहण्यासाठी लाकडाचे खुंट जमिनीत पुरून ठेवण्याची चाचणी घेतली, आणि त्यावरून तीन वर्ग ठरले. उघड्यावर मातीत सरासरी १२० महिने किंवा अधिक टिकले ते पहिल्या वर्गाचे, ६० ते १२० महिन्यांमधले दुसऱ्या वर्गाचे, आणि ६० महिन्यांच्या आत संपले ते तिसऱ्या वर्गाचे. सागाचा गाभा पहिल्या वर्गात बसतो. आंबा तिसऱ्यात. पण ध्यानात ठेवावे की हे वर्ग गाभ्याचे आहेत. गाभ्याभोवती सालीलगत जी पांढरट कड असते ती कोणत्याही झाडाची असो, सागाची असली तरी, तिसऱ्या वर्गाचीच समजावी.

याचे कारण कापडवाल्याला चटकन समजेल. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ, म्हणजे कांजी लावतात. कोरे कापड दमट गोदामात पडून राहिले तर त्यावर बुरशी व कसर येते ती सुतापेक्षा या खळीच्या लालसेने. झाडाच्या पांढऱ्या कडेतही झाडाने साठवलेला स्टार्च असतो. लाकडातून बारीक पिठासारखा भुसा पाडणारा जो किडा आहे, तो याच स्टार्चसाठी येतो. गाभ्यात स्टार्च उरलेला नसतो, उलट सागाच्या गाभ्यात किडीला व बुरशीला न मानवणारी तेलकट द्रव्ये असतात. म्हणून एकाच फळीचा अर्धा भाग पन्नास वर्षे टिकतो आणि लागूनच असलेली दोन इंच कड दोन वर्षांत पीठ होते.

आता बाजाराची परिस्थिती पाहा. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. बल्लारशाचा जुना साग महाग आहे आणि लिलावात थोडाच येतो. त्यामुळे घाना, इक्वेडोर, पनामा, कोस्टारिका अशा देशांतल्या लागवडीचा कोवळा साग आपल्या बंदरांवर मोठ्या प्रमाणात उतरतो. तो खोटा नाही, सागच आहे. पण वीस-पंचवीस वर्षांच्या झाडात पांढरी कड जास्त निघते आणि गाभाही जुन्या झाडाइतका पक्का नसतो. ते लाकूड घेऊ नये असे नाही. त्याला सागाचा भाव देऊन सागाच्या भरवशावर सोडून देऊ नये. बिलावर "साग, पांढरी कड चालणार नाही" एवढे शब्द लिहून घ्यावेत. किंवा कड चालवून घ्यावी, भाव कमी करावा आणि औषध लावावे. हा दुसरा सौदा अनेकदा अधिक फायद्याचा ठरतो.

औषध कोणते आणि कसे

आतल्या लाकडासाठी सर्वात स्वस्त आणि भरवशाचे औषध म्हणजे टाकणखार आणि बोरिक पावडर. टाकणखार सोनाराच्या दुकानात डाग देताना वापरतात, आमच्या उर्दूत त्याला सुहागा म्हणतात. प्रमाण असे : १०० लिटर पाण्यात ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक पावडर. पाणी गरम असेल तर लवकर विरघळते. दोन्ही एकत्र घातल्याने एकट्यापेक्षा जास्त प्रमाणात विरघळतात, म्हणून हे मिश्रण. रंग नाही, वास नाही, वरून पॉलिश व्यवस्थित बसते, आणि भुसा पाडणारा किडा, वाळवी व बुरशी तिघांवरही काम करते. रबराच्या झाडाचे लाकूड एकेकाळी फक्त जाळण्याच्या लायकीचे समजले जात होते. त्याचे आज फर्निचर होते ते याच बोरॉनच्या जोरावर.

लावण्याची पद्धत मात्र महत्त्वाची आहे. ब्रशने दोन हात फिरवले तर औषध वरच्या कातडीपुरतेच राहते. फळ्या टाकीत बुडवून ठेवणे चांगले. लाकूड ओले असेल तर एक गंमत होते. दाट, गरम द्रावणात बुडवून काढलेल्या ओल्या फळ्या एकावर एक रचून प्लास्टिकने गच्च झाकून काही आठवडे ठेवल्या, तर औषध आतल्या पाण्याबरोबर हळूहळू गाभ्याकडे पसरत जाते. मग फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशी थप्पी रचून सावलीत वाळवाव्यात. उन्हात टाकलेली फळी वरून लवकर वाळते, आतून ओली राहते, आणि फाटते.

दुसरी गोष्ट. सर्व कापाकापी, खाचा, भोके आधी करून घ्यावीत आणि मग औषध द्यावे. औषध दिलेली फळी नंतर मधून कापली तर कापलेले तोंड पुन्हा कोरे असते, आणि लाकूड पाणी सर्वात वेगाने पिते ते टोकाच्या तोंडानेच, अंगापेक्षा अनेक पट वेगाने. मिस्त्रींना हा क्रम आवडत नाही, कारण त्यात एक दिवस जास्त मोडतो. तो एक दिवस आपण ठरवून द्यावा. कोरे कापड न धुता रंगात टाकले तर रंग पकडत नाही, हे आपण जसे रंगाऱ्याला सांगतो तसेच हे.

टाकणखाराची एक मोठी मर्यादा आहे. पाण्यात विरघळते तसेच ते पाण्याबरोबर धुऊनही जाते. पावसात उघड्या असलेल्या खांबाला, कुंपणाला, गच्चीवरच्या मांडवाला त्याचा उपयोग नाही. तसेच पोळपाट, परात, लहान मुले तोंडात घालतील अशी खेळणी यांना ते लावू नये. मिश्रण हाताळताना हातमोजे घालावेत.

बाहेरच्या लाकडासाठी दाबाखाली भरण्याचे औषध लागते, आणि त्यात अभिमानाची गोष्ट म्हणजे जगभर चाललेले औषध हिंदुस्थानात शोधले गेले. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंटी कामेसन यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोम आणि सोमल यांचे मिश्रण तयार केले. त्याचे आस्कू हे नाव सोमल व तांबे यांच्या रासायनिक चिन्हांवरूनच पडले. ही द्रव्ये लाकडाच्या तंतूंशी घट्ट बसतात आणि पावसाने सहज निघत नाहीत. विजेचे व तारेचे खांब यावर अनेक दशके उभे राहिले. पण सोमल तो सोमलच. अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती वापराच्या बहुतेक कामांसाठी त्याचा वापर थांबवला गेला. आता सोमलाच्या जागी बोरॉन घातलेले मिश्रण मिळते, घराजवळच्या कामाला तेच मागावे. हिरवट छटेचे जुने खांब किंवा फळ्या भंगारात स्वस्त मिळतात. त्यांचे तुकडे चुलीत किंवा बंबात कधीही जाळू नयेत. धुरातून आणि राखेतून सोमल घरात येतो.

काही जुन्या औषधांबद्दलही सांगितले पाहिजे. पूर्वी लिंडेनचा सर्रास वापर होत असे. २५ मार्च २०१३ पासून भारतात त्याच्या वापरावर बंदी आहे. कोणाच्या माळ्यावर जुना डबा शिल्लक असेल तर तो "औषध आहे, कामाला येईल" म्हणून वापरू नये. गाडीचे जळके ऑइल लावण्याची पद्धत खेड्यात अजून आहे. गोठ्याच्या मेढीला लावले तर थोडे पाणी अडते, इतकेच. घरात ते वास देते, कपड्याला लागते, आग लवकर पकडते आणि वर पुढे कोणताही रंग धरत नाही. कापडाच्या दुकानात तर त्याला थाराच नको.

वाळवीची वाट

आपल्याकडची वाळवी बहुतेक जमिनीत राहते. तिचे घर लाकडात नसते, लाकूड ही तिची बाजारपेठ आहे. ती उजेड आणि कोरडी हवा सहन करू शकत नाही, म्हणून जमिनीपासून लाकडापर्यंत मातीची नळी बांधत येते. ही नळी मोडून, वरून रॉकेल शिंपडून अनेकजण काम झाले असे समजतात. चार दिवसांत दुसरी नळी तयार होते. इलाज नळीचा नव्हे, वाटेचा करावा लागतो.

म्हणून फर्निचर असे बसवावे की वाळवीला लपून येता येणार नाही. काउंटरचे पाय थेट जमिनीत न गाडता लोखंडी किंवा दगडी बैठकीवर ठेवावेत. वाळवी लोखंडावरूनही चढते, पण तिला नळी उघड्यावर बांधावी लागते आणि ती आपल्याला दिसते. रॅक भिंतीला चिकटवून ठेवू नये, हात जाईल एवढी फट ठेवावी. चौकटीची जी बाजू भिंतीत जाते तिला बसवण्याआधी औषध व डांबर लावून घ्यावे, नंतर ती बाजू जन्मात दिसणार नाही. एअर कंडिशनरच्या पाण्याची नळी प्लायवूडच्या मागून नेणे हा तर वाळवीला दिलेला दावतनामा आहे. गोदामासाठी माझे स्पष्ट मत असे की लाकडी रॅकचा हट्ट सोडावा. लोखंडी अँगलचे रॅक लावावेत, आणि लाकडावरचा खर्च दुकानाच्या दर्शनी भागात नीट करावा. गाठी मात्र तरीही जमिनीवर ठेवू नयेत.

कोकणातल्या घरांचा प्रश्न वेगळा आणि अधिक दुःखाचा आहे. कुवेत, सौदी, दुबईच्या कमाईतून बांधलेली घरे, सागाची नक्षीदार दारे, आणि वर्षातले दहा महिने कुलूप. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, बंद खिडक्या, आत थांबलेली हवा, आणि जांभ्याच्या भिंतीच्या सांध्यांतून वर येणारी वाळवी. मे महिन्यात सुट्टीवर येऊन कुलूप उघडतात तेव्हा दाराची चौकट वरून पॉलिशसह जशीच्या तशी असते आणि बोट लावले की आत जाते. कारण वाळवी पॉलिश खात नाही. पॉलिशचा पापुद्रा तिला उलट पडद्यासारखा उपयोगी पडतो. अशा घराला महागडे पॉलिश मारण्यापेक्षा गावातल्या विश्वासू माणसाला महिन्यातून दोनदा खिडक्या उघडण्याचे पैसे द्यावेत. त्याने चौकटी ठोकून पाहाव्यात, पोकळ आवाज येतो का ऐकावे, जोत्याभोवती साचलेला पालापाचोळा व सरपण हलवावे, आणि फुटलेले कौल त्याच दिवशी बदलावे. एका फुटक्या कौलाने वासा, रीप आणि माळ्याची फळी तिन्ही जातात.

नवीन बांधकाम करणाऱ्यांनी पाया भरतानाच जमिनीला वाळवीचे औषध देऊन घ्यावे. भारतीय मानक ६३१३ मध्ये बांधकामापूर्वीची आणि बांधून झालेल्या इमारतीची, दोन्हींची पद्धत दिलेली आहे. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे, आणि विहीर जवळ असेल तर त्याला ती आधी दाखवावी.

भुसा पडत असेल तर तो जुना आहे की नवा, हे कळण्यासाठी फर्निचरखाली काळ्या कापडाचा तुकडा अंथरावा. आठवड्याने त्यावर पिठासारखी रांग दिसली तर किडा जिवंत आहे.

प्लायवूडबद्दल दोन शब्द

आज दुकानांतले बहुतेक काम प्लायवूडचे असते. "मरीन" हा शब्द विक्रेता सहज उच्चारतो, पण त्याचा अर्थ भारतीय मानक ७१० चे प्लायवूड. त्यात उकळत्या पाण्याला टिकणारा डिंक आणि औषध दिलेले लाकूड असले पाहिजे. मानकाच्या चाचणीत नमुना ७२ तास उकळतात. आपण घरी एक तुकडा दिवसभर उकळावा. तेवढ्यातच पदर सुटले तर शिक्का काहीही असो, माल परत करावा. चांगल्या प्लायवूडच्याही कडा बंद कराव्या लागतात. आणि सनमायका एकाच बाजूला लावला तर फळी वाकते, कारण एक बाजू ओलावा घेते व दुसरी घेत नाही. मागे स्वस्तातला का होईना, दुसरा पत्रा लावावा.

आता पॉलिश

एवढे सर्व झाल्यावर पॉलिश. त्याचे काम ओलाव्याची ये-जा मंदावणे, उन्हापासून आणि हातांच्या मळापासून बचाव करणे. ते ओलावा पूर्ण थांबवू शकत नाही. म्हणून दर्शनी बाजूला पाच हात आणि मागे शून्य, असे करू नये. सहाही बाजूंना निदान दोन हात तरी हवेत, विशेषतः टोकांना.

स्पिरिटमधल्या चपड्या लाखेचे जुने पॉलिश अजूनही सर्वात सुंदर आहे असे माझे मत आहे. खराब झाले तर तेवढाच भाग पुन्हा दुरुस्त करता येतो, जुना थर खरवडावा लागत नाही. पण गरम चहाचा कप किंवा पाण्याचा पेला ठेवला की पांढरे कडे उमटते. घरातल्या कपाटाला, खुर्चीला ते योग्य. दुकानाच्या काउंटरवर दिवसभर माल घासला जातो, मीटरपट्टी आपटते, चहा सांडतो. तेथे पीयू टिकते. मेलामाइन स्वस्त पडते आणि कडक होते, पण उन्हाच्या जागी ते तडकते आणि नव्याने मारल्यावर बरेच दिवस डोळे चुरचुरतात. बाहेरच्या दारा-खिडक्यांना पारदर्शक वार्निशचा मोह टाळावा. ऊन वार्निशमधून आरपार जाते, खालच्या लाकडातले लिग्निन सुटते, आणि वार्निश पापुद्र्यासारखे निघून येते. रंगाची पूड असलेला थर ऊन अडवतो. देखणेपणा थोडा कमी होईल, पण वर छज्जा आणि अंगावर रंग असलेली खिडकी वार्निशवालीच्या दुप्पट तरी दिवस काढते.

पॉलिशच्या वेळेचा मुद्दा आपल्या व्यापाऱ्यांना विशेष लागू आहे. दुकानाची सजावट आपण ईदच्या सीझनआधी उरकतो, आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. २०१३ मध्ये रमजान ईद ९ ऑगस्टला होती, म्हणजे पॉलिशचे काम ऐन पावसात. दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतले पाणी बसते आणि पॉलिश दुधाळ पांढरे होते. अशा वर्षी सुतारकाम आधीच्या हिवाळ्यात करून घ्यावे. ते जमत नसेल तर पावसाळ्यात फक्त औषध व पहिला हात द्यावा, बाकी दिवाळीनंतर.

जवसाचे तेल पुन्हा चालीत येत आहे. ते लाकडात मुरते, दिसायला साधे व छान, आणि कापड छापायचे लाकडी ठसेही वापरण्याआधी कित्येक दिवस तेलात भिजवून ठेवतात, म्हणजे आपल्या धंद्याला ते अनोळखी नाही. पण या तेलात एक धोका आहे आणि तो कापडाच्या दुकानात सर्वात मोठा आहे. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन सुकते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेल पुसलेल्या सुती चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर ती उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता, काही तासांत, चिंध्या आपोआप पेटू शकतात. मिस्त्री संध्याकाळी काम आटोपून जातो, दुकान बंद होते, आणि आत ताके आहेत. म्हणून काम संपताच मालकाने स्वतः चिंध्या मागून घ्याव्यात, पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावे, किंवा दुकानाबाहेर उघड्यावर दोरीवर एकेक वेगळी पसरून कडक वाळू द्यावी, आणि त्यानंतरच कचऱ्यात टाकाव्यात.